चाखायचं, गिळायचं नाही

जीभराव हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. सुपाच्या पुड्या करणाऱ्या कारखान्यात चव तपासायची एक खोली होती. तिथल्या पहिल्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? प्रत्येक लॉट पॅकिंगला जाण्याआधी त्यातली चमचाभर पूड गरम पाण्यात कालवून त्याच्यापुढे यायची. तो घोट तोंडात घ्यायचा, या गालातून त्या गालात फिरवायचा, टाळूला लावायचा, नाकाने श्वास सोडायचा आणि शेजारच्या भांड्यात थुंकायचा. मग तीनपैकी एक शब्द. ‘जमलंय’ म्हणजे जाऊ द्या पुढे. ‘काहीतरी कमी आहे’ म्हणजे परत मिसळा. ‘नको’ म्हणजे सरळ गटार. या तीन शब्दांवर त्याने अख्खी नोकरी काढली. नव्या माणसाला तो एकच धडा द्यायचा: चाखायचं, गिळायचं नाही. गिळायला लागलास की जीभ पोटाचं ऐकायला लागते, आणि पोटाला काय, काहीही चालतं.

घरी मात्र नेमकं उलटं. घरी तो न चाखता गिळायचा. ताटासमोर पेपर उभा आणि पेपरामागे हा. लग्नानंतरची पहिली काही वर्षं पेपरामागून रोज एकच वाक्य यायचं, ‘काहीतरी कमी आहे.’ बायको हसायची. म्हणायची, “अहो, मी काय तुमचा लॉट आहे?” पण बोलून बोलून माणूस सुधारतो म्हणतात. हळूहळू ‘जमलंय’ यायला लागलं आणि पुढे रोजचंच झालं. माझ्या टोमण्यांनी बायकोच्या हाताला चव आली, असं तो चारचौघांत सांगायचा, आणि तीही शेजारी बसून ऐकून घ्यायची.

अशा माणसाची जीभ मेली.

बायको गेली त्या आठवड्यात कधीतरी. नेमकी कधी ते त्यालाही सांगता आलं नसतं, कारण त्या आठवड्यात आपण काय खाल्लं आणि खाल्लं की नाही, हेच त्याला आठवत नव्हतं. ऑपरेशन साधं होतं. सगळे तसंच म्हणाले होते, आणि नंतरही तेच म्हणत राहिले, की ऑपरेशन तसं साधंच होतं. तो रडला नाही. लोक म्हणाले, धीराचा माणूस. धीर कसला डोंबलाचा! आत काही हलतच नव्हतं. कामावर परत गेला, पहिला घोट तोंडात घेतला, तर कोमट पाणी. दुसरा, कोमट पाणी. साहेब दारात उभे होते. याने भांड्यात थुंकलं आणि सांगितलं, “जमलंय.”

पुढे त्याने एक युक्ती काढली. दुसऱ्या खुर्चीवर एक बाई बसायच्या, त्याच्यानंतर भरती झालेल्या, गंभीर चेहऱ्याच्या. मीठ चढलं की त्यांची डावी भुवई नकळत वर जायची. हा घोट घोळवत बसायचा, त्यांच्या भुवईकडे बघायचा आणि निकाल द्यायचा. कारखान्याचं सगळं सूप असं एका भुवईवर चाललं होतं. याची त्याला लाजही वाटत नव्हती. लाज वाटायलाही आत काहीतरी जागं असावं लागतं.

एकच गोष्ट त्याला अजून हवीशी वाटत होती. ती फ्रीजच्या वरच्या खणात, बर्फात होती.

हॉस्पिटलला जायच्या आदल्या दिवशी बायकोने भाज्यांचं सूप करून दोन डब्यांत भरलं होतं. चपला घालता घालता म्हणाली, “दोन डबे ठेवलेत. गरम करा आणि गिळा. आणि एकदा तरी पेपर बाजूला ठेवून गिळा हो.” पहिला डबा त्याने दुसऱ्या दिवशी ओट्याशी उभ्याउभ्या खाल्ला. हातात पेपर होता. त्या दिवशीच्या पेपरातली एका पुलाच्या उद्घाटनाची बातमी त्याला आजही जशीच्या तशी आठवत होती. सूप कसं होतं, ते आठवत नव्हतं. पुष्कळ आठवून बघितलं. पूल आठवायचा.

दुसरा डबा तसाच राहिला. तिच्या हातचं जगात आता एवढंच उरलं होतं आणि ते एकदाच खाता येणार होतं. जीभ मेलेली असताना खाल्लं तर ते परत एकदा न चाखता गिळल्यासारखंच. म्हणून तो जीभ परत येण्याची वाट बघत होता. पण धंद्यातला माणूस, त्याला हेही पक्कं ठाऊक होतं की बर्फात चव टिकत नाही, ती फक्त सावकाश मरते. आधी वास जातो, मग कोवळेपणा, मग बाकीचं. इकडे जीभ येत नव्हती आणि तिकडे डबा थांबायला तयार नव्हता. रोज सकाळी तो फ्रीज उघडायचा, डब्याच्या झाकणावरचं बर्फ अंगठ्याने पुसायचा आणि फ्रीज बंद करायचा. एवढीच काय ती त्याच्या दिवसातली हालचाल.

बाकी खाणं म्हणजे नुसती पोटाची भर. कामगारांना कारखान्याकडून दर महिन्याला पुड्यांचं एक खोकं फुकट मिळायचं. पूर्वी त्याने ते कधी घरात फोडलं नव्हतं. हलवाई स्वतःची मिठाई खातो का? बायको म्हणायची, खालच्या शिंप्याकडे देते, त्याच्या पोरांना आवडतात. आता ती द्यायला नव्हती, तर खोकी कपाटात साठत गेली आणि तोच त्या पुड्या पाण्यात ढवळून प्यायला लागला. सोबत तळलेलं, पाकिटातलं, डब्यातलं, जे दुकानदार पुढे करेल ते. कशालाच चव नव्हती, मग निवड कशाला करायची? वजन वाढलं. पायांना मुंग्या यायला लागल्या, पुढे मुंग्याही थांबल्या आणि पाय कुणाकडून तरी उसने आणल्यासारखे झाले. एका सकाळी जिन्यावर पायरी आहे असं समजून त्याने पाऊल टाकलं, तिथे ती नव्हती. शिंपी कात्री हातात घेऊनच धावत बाहेर आला. त्याने याला उठवून बसवलं आणि याच्या बहिणीला फोन लावला.

बहीण म्हणजे ताई. शाळेत कवायतीच्या बाई होत्या. निवृत्त झाल्या त्या नोकरीतून, आवाजातून नाही. दुसऱ्या दिवशी दारात बॅग ठेवली, भावाकडे खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, “बाळ्या, हे काय करून घेतलंयस स्वतःचं?”

“काही नाही. पाय घसरला.”

“पाय नाही घसरला. सगळाच घसरलायस.”

डॉक्टरांनी रक्त तपासलं, पायाच्या अंगठ्याला टाचणी लावून बघितली. “टोचलं का?” याने विचारलं, “काय?” डॉक्टरांनी ताईंकडे बघितलं. साखर वाढलेली, दाब वाढलेला, पायांच्या नसा सुस्तावलेल्या. गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, “पण नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही. पाकिटातलं सगळं बंद. साधं खा. जे झाडावर किंवा मातीत होतं ते, जसं असतं जवळजवळ तसं. नाहीतर पाय जातील.”

हे सगळं त्याने हवामानाच्या बातम्या ऐकाव्यात तसं ऐकलं. पाय जातील म्हणे. जाऊ देत. उठता उठता त्याने एवढंच विचारलं, “त्याने जीभ परत येते का?”

“जिभेला काय झालं?”

“चव लागत नाही. बरेच दिवस झाले.”

“हे आधी नाही सांगितलंत!” डॉक्टर म्हणाले. मग खांदे उडवले. “खात्री देत नाही. मन खचलं की जाते, साखरेने जाते, मिठाच्या माऱ्यानेही जाते. पण काही जणांची येते परत.”

“मग चालेल,” जीभराव म्हणाला. ताईंना वाटलं, भाऊ पायांसाठी तयार झाला. त्यांना डब्याचं काहीच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून घरात कवायत सुरू झाली. ताईंनी मिठाची बरणी वरच्या फळीवर ठेवली, जिथे स्टुलावर चढल्याशिवाय हात पोचणार नाही. उकडलेले बटाटे सालासकट. उकडलेलं बीट, वाफवलेली पालेभाजी, कच्चं गाजर, काकडी, मुळा. भिजवलेली कडधान्यं. जाडसर पिठाचा बेकरीतला पाव, जो चावता चावता जबडा दुखावा. दुपारी एक फळ. सकाळी चालणं, आणि चालताना ताई खरोखर “डावा, उजवा” म्हणायच्या, रस्त्यातले लोक बघायचे. याला काही वाटायचं नाही. समोर येईल ते तो चावायचा आणि गिळायचा. गाजर म्हणजे ओला लाकूडतुकडा, बटाटा म्हणजे भिजलेला कापूस. ताई विचारायच्या, “कसं लागतंय?” तो म्हणायचा, “ठीक.” माणूस कुरकुर तरी करतो, भांडतो, चोरून काहीतरी खातो. याने तेही केलं नाही. ताईंना खरी भीती वाटली ती त्याचीच.

कपाट उघडल्यावर त्यांना पुड्यांची खोकी सापडली. “हे विष आधी घराबाहेर,” असं म्हणून त्यांनी ती सगळी खालच्या शिंप्याकडे नेऊन ठेवली. पाठोपाठ शिंपी वर आला, अवघडून उभा राहिला.

“एवढं कशाला हो? आम्ही कधी हे खाल्लेलं नाही. पोरं खातील का, काय माहीत.”

जीभराव खिडकीशी बसून मुळा चावत होता. ते शब्द त्याच्या कानावर पडले आणि पडून राहिले. आत काही गेलं नाही.

फ्रीज साफ करताना मात्र गडबड झाली. ताईंनी वरच्या खणातला बर्फ खरवडला, डबा काढला, हलवून बघितला. “हे काय दगडासारखं? किती जुनं आहे? टाकून देते.”

“ताई.”

आवाज एवढा वेगळा होता की त्या डबा हातात धरून थांबल्या.

“त्याला हात लावायचा नाही. ठेव तो.”

ताईंनी डबा परत ठेवला. घरात आल्यापासून भावाने पहिल्यांदाच काहीतरी हवं असल्यासारखं बोललेलं त्यांनी ऐकलं होतं. त्या शेजारी येऊन बसल्या, आणि त्याने सांगितलं. दोन डब्यांचं, पेपराचं, पुलाचं. सांगताना आवाज सपाट होता, कारखान्यातला रिपोर्ट वाचावा तसा. ताईंनी गाजराची ताटली त्याच्यापुढे सरकवली. मग म्हणाल्या, “मग गाजर नीट चाव. नुसतं गिळू नकोस.”

दिवस गेले. आधी पाय आले. चालता चालता एकदा तो थांबला, बाकावर बसून बूट काढला आणि उलटा केला. आतून बारकासा खडा पडला. ताई म्हणाल्या, “टोचला?” तो म्हणाला, “हो, टोचला.” दोघं त्या खड्याकडे बघत राहिले. ताईंनी तो उचलून पर्समध्ये टाकला. कशाला टाकला, ते विचारायचं त्याला सुचलं नाही. पट्टा एक भोक आत गेला, मग आणखी एक. रक्त तपासून डॉक्टर खूश झाले, गोळी कमी केली. जीभराव मान डोलवत राहिला. जीभ तशीच होती.

मग एका दुपारी जेवताना तो कुरकुरला. “ताई, बीट धुतलं नाहीस वाटतं. माती लागतेय.”

“तीनदा धुतलंय मी.”

“अगं माती आहे. ओली. खोदल्यावर...” तो थांबला. घास तोंडातच होता. तो त्याने या गालातून त्या गालात फिरवला, टाळूला लावला. माती, आणि मागून गोडसर काहीतरी, लोखंडाच्या पाण्याचं. बीट असंच लागतं. बीट धुतलेलंच होतं.

ताईंचे डोळे भरून आले. त्यांना वाटलं, आता हा उठेल आणि फ्रीजकडे जाईल. तो उठला नाही. बीट संपवलं, हात धुतले आणि भिंतीकडे तोंड करून पडला. त्याला आनंद झाला नव्हता, भीती वाटली होती. जीभ मेलेली होती तोवर डबा सुरक्षित होता, डबा होता तोवर बायको पूर्ण गेली नव्हती. आता सबब उरली नाही. त्यातून तो डबा खाल्ला आणि तरीही आत काही हललंच नाही तर? मग कशाची वाट बघायची?

तो टाळाटाळ करायला लागला. अजून जीभ कच्ची आहे. अजून आंबट नीट कळत नाही. पण जीभ रोज पक्की होत होती. काकडीला देठाकडे कडूपणा असतो, तो कळला. पावाच्या खालच्या अंगाला भट्टीची राख कळली. नुसत्या बटाट्यात लोणी असल्यासारखं काहीतरी असतं, ते इतक्या वर्षांत कुणी त्याला सांगितलं नव्हतं. आणि कारखान्यात सकाळचा पहिला घोट तोंडात घेतला, तर कुणी थोबाडीत मारावी तसं झालं.

“खारट!” तो थुंकून म्हणाला. “नुसतं मीठ आहे हे. नको.”

साहेब आले. “जीभराव, माप तेच आहे हो. तुम्ही स्वतः ठरवलेलं.”

“मी?”

“तुमच्याच ‘काहीतरी कमी आहे’वर वाढत वाढत इथवर आलंय. लोकांना सवय झालीय आता. काढणार कोण?” साहेब गेले.

दुसऱ्या खुर्चीवरच्या बाई रुमालाने ओठ टिपत म्हणाल्या, “आली वाटतं परत.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“अहो, वर्षभर माझ्या भुवईकडे बघताय. घरी गेल्यावर भुवई दुखायची माझी.”

तो हसला. हसू आलं की आणलं, ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

शेवटी ताईंनीच बॅग भरली. त्यांचं स्वतःचं घर होतं, सून होती, नातवंडं होती. “उद्या निघते,” म्हणाल्या. “पण आज तो डबा. तू म्हणतोस ना, बर्फात चव मरते? मग कशाची राखण करतोयस? घाबरतोस ते मला दिसतंय. मी बसते समोर.”

रविवारची सकाळ होती. डबा ओट्यावर पाणी सोडत बसला होता. ताईंनी सूप मंद आचेवर गरम केलं, पांढऱ्या वाडग्यात ओतलं आणि टेबलावर ठेवलं. वर गाजराचे तिरके काप आले होते. बायको गाजर तिरकंच कापायची. पेपर दाराशीच पडून होता, त्याने तो आत घेतला नव्हता.

त्याने कामावर करायचा तशी तयारी केली. तोंड पाण्याने खळखळून घेतलं. ताठ बसला. डाव्या हाताशी सवयीने रिकामी वाटी ठेवली, थुंकायला. ताईंनी वाटीकडे बघितलं. त्याने चमचा उचलला, डोळे मिटले आणि घोट तोंडात घेतला.

आधी ऊब, मग मीठ. बरंच मीठ. त्याने घोट दुसऱ्या गालात नेला. कांदा, फार पुसट. पाल्याचा वास उडून गेला होता. ठीक आहे, तो पहिला जातोच. त्याने घोट टाळूला लावला आणि नाकाने श्वास सोडला, आणि मागून, अगदी मागून, करपलेला लसूण आला.

त्याने डोळे उघडले.

हा लसूण त्याच्या ओळखीचा होता. जगात हा लसूण ओळखेल असा तो एकटाच होता. बायको गेली त्याच्या आधी काही महिने कारखान्याने लसणाची पूड दुसरीकडून घेतली होती, जरा जास्त भाजलेली. सात नंबरच्या, म्हणजे भाज्यांच्या सुपात ती मागे जळकी लागायची. तो म्हणाला होता, नको. साहेब म्हणाले होते, ट्रकभर घेतलीय हो, तुमच्याशिवाय कुणाला कळणार आहे? दोन दिवस अडून तिसऱ्या दिवशी तो म्हणाला होता, ‘जमलंय.’ नोकरीत एकदाच त्याने ‘नको’चं ‘जमलंय’ केलं होतं. तो लॉट बाजारात गेला आणि त्याच महिन्यात कामगारांच्या खोक्यातही आला.

सात नंबर. त्याचंच सूप.

घोट तोंडात होता आणि डोक्यात एकेक खिळा निसटत होता. शिंपी म्हणाला होता, आम्ही कधी हे खाल्लेलं नाही. खोकं दर महिन्याला घरी यायचं आणि संपायचं. वर्षानुवर्षं ‘काहीतरी कमी आहे’, आणि मग एक दिवस ‘जमलंय’. दिवसभर तेच सूप तोंडात घोळवणाऱ्याला घरी आल्यावर त्याचा वास कसा येणार? अत्तरवाल्याला अत्तर कळत नाही. तिला हे कधीतरी कळलं असणार, एखाद्या घाईच्या दिवशी पुडी फोडून टाकली असेल आणि पेपरामागून पहिल्यांदा चांगला शब्द आला असेल. मग रोज एक पुडी. रिकाम्या पाकिटांचं ती काय करायची, कुठे लपवायची, कुणास ठाऊक. आणि हा चारचौघांत सांगायचा, माझ्या टोमण्यांनी हिच्या हाताला चव आली. ती शेजारी बसलेली असायची. एकदाही हसली नाही, एकदाही बोलली नाही. सगळं गिळत राहिली.

“बाळ्या?” ताई पुढे झुकल्या. “काय झालं? खराब झालंय का? थुंक, थुंक ते.” त्यांनी वाटी पुढे सरकवली.

त्याने मान हलवली. तो घोट त्याने गिळला. मोठा आवाज झाला गिळल्याचा.

“ताई, हे तिचं नाही गं,” तो म्हणाला. “हे माझं आहे.”

ताईंना काही कळलं नाही. त्याला सांगता येईना, कारण आता खांदे हलायला लागले होते, आणि इतके दिवस कुठे अडकून पडलं होतं कोण जाणे, ते सगळं नाकाडोळ्यांतून बाहेर यायला लागलं होतं. धीराचा माणूस टेबलावर कोपरं टेकून लहान पोरासारखा रडत होता. ताई उठून त्याच्या पाठीमागे उभ्या राहिल्या, त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तेव्हाच दुखायला हवं होतं, तसं आता दुखत होतं.

“पुरे आता,” थोड्या वेळाने ताई म्हणाल्या आणि त्यांनी वाडग्याला हात घातला. “नुसतं मीठ असेल त्यात. डॉक्टर काय म्हणाले होते?”

त्याने वाडगा दोन्ही हातांनी धरून ठेवला. चमच्याने रस बाजूला सारून त्याने गाजराचा एक तिरका काप उचलला, पाण्याच्या भांड्यात बुडवून काढला. वरची पूड धुऊन गेली. काप त्याने जिभेवर ठेवला आणि सावकाश चावला. गेले कितीतरी दिवस तो रोज गाजर चावत आला होता, नुसतं, मिठाशिवाय. त्याला आता गाजर कळत होतं.

जळक्या लसणाखाली, मिठाखाली, त्याच्या तिन्ही शब्दांखाली ते होतं. मऊ, जरा जास्तच शिजलेलं. तिचं गाजर नेहमी जास्त शिजायचं आणि त्यावरूनही तो बोलायचा.

“गोड आहे,” तो म्हणाला.

त्याने दुसरा काप उचलला, धुतला, चावला आणि गिळला.